तांत्रिक मिटिंगमध्ये स्लाइड कशा वापरायच्या (बोंडअळीचं उदाहरण घेऊन)

तालुक्याला कृषी सहायक, केव्हीकेचे (कृषी विज्ञान केंद्राचे) साहेब अन् शेतकरी कंपनीचे दोन-चार जण बसतात त्या मिटिंगमध्ये स्लाइड सुरू झाल्या की निम्मे लोक मोबाईल काढतात. काहून? तर समोरचा पडद्यावरचंच वाचून दाखवून राहिला असते, अन् वाचता तर सगळ्यांनाच येते.

म्हणून माहिती आदल्या दिवशीच व्हॉट्सॲपवर टाकून द्या. इंटरनेटची मानकं ठरवणारी आयईटीएफ आहे ना, तिच्या वर्किंग ग्रुपातही लोकांनी मसुदा आधी वाचून यावं अशीच अपेक्षा असते, मिटिंगचा वेळ अडलेल्या मुद्द्यांसाठी. आपल्याकडं सगळे वाचून येतील असं नाही म्हणा, पण जे वाचतील तेच बोलतील.

पहिल्याच स्लाइडवर प्रश्न टाका. गुलाबी बोंडअळीची ओळख अन् जीवनचक्र नको, समोरच्यांचं आयुष्य पराटीत, म्हणजे कपाशीत, गेलं आहे बाप्पा. सरळ लिहा, "या आठवड्यात फवारणीचा सल्ला कोणत्या गावांना द्यायचा?"

मग कामगंध सापळ्यांचे, म्हणजे मादीच्या वासानं बोंडअळीचे नर पतंग धरणाऱ्या सापळ्यांचे आकडे. इथं लोक हमखास एक्सेलचा अख्खा तक्ता चिकटवतात, मागच्या खुर्चीवरून त्यात मुंग्याच दिसतात. त्यापेक्षा ग्राफ काढा अन् ८ वर एक जाड लाल रेघ मारा, कारण सलग ३ रात्री, दर रात्री सापळ्यामागं ८ पतंग ही नुकसानीची पातळी धरतात, मग कोणतं गाव रेघेच्या वर गेलं ते सांगावं लागत नाही. ग्राफखाली एक ओळ मात्र पाहिजेच, सापळे किती, मोजले कोणी अन् ल्यूर (सापळ्यातलं वासाचं आमिष) कधी बदलला. भांडण नेहमी इथूनच निघते, ल्यूर जुना झाला की पतंग कमी सापडतात अन् लोक समजतात अळी नाही. त्याच्याच पुढच्या स्लाइडवर बोंडं फोडून काय दिसलं ते द्या, २० हिरव्या बोंडांत २ किडकी म्हणजे १० टक्के, तिथं पातळी गाठली. दोन्ही आकडे जुळत नसतील तर लपवू नका, चर्चा त्याच्यावरच व्हायला पाहिजे.

बाकी किरकोळ. कृतीदेव फॉन्टमध्ये टाइप केलेलं दुसऱ्याच्या लॅपटॉपवर भलतंच दिसते, युनिकोड वापरा अन् पीडीएफ सोबत ठेवा. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये खिडकीतून ऊन येते, म्हणून पांढऱ्यावर काळी मोठी अक्षरं. लाइटचा भरोसा नाही, ग्राफच्या पाच-सहा झेरॉक्स काढूनच जा. वाद रंगला तर पॉवरपॉइंटमध्ये कीबोर्डवरचं B बटण दाबा, पडदा काळा होते अन् लोक एकमेकांकडं पाहून बोलतात. मागची स्लाइड पाहिजे असली तर तिचा नंबर टाकून एंटर मारा, उलटं खेटत बसू नका.

शेवटी धन्यवाद अन् गुलाबाचं फूल नको. रिकामा तक्ता ठेवा, गाव, काय करायचं, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत, अन् सगळ्यांसमोरच तो भरा. कोणाला नाव चुकीचं वाटलं तर तो तिथंच बोलते. भरला की फोटो काढून ग्रुपवर टाका, लोक गाडीला किक मारायच्या आधी.