डिशवॉशरला नावं ठेवण्याआधी या चुका टाळा

आमच्याकडे डिशवॉशर आला आणि आठवड्याभरात आईनं निकाल दिला, "यापेक्षा मी घासलेली बरी." तिचं काही चुकलं नव्हतं. स्टीलच्या पेल्यांवर पांढुरकी साय, वाट्यांच्या तळाला वरणाचा वाळलेला थर. मेकॅनिकनं यंत्राला हात लावण्याआधीच विचारलं, "पाणी बोअरचं आहे का?"

बोअरचं किंवा टँकरचं पाणी बहुधा जड असतं. त्यातले क्षार शोषणारा एक कप्पा यंत्रात असतो आणि तो पुन्हा ताजातवाना करायला मीठ लागतं. आम्ही मीठ घातलं होतं, पण पाण्याच्या जडपणाचं सेटिंग कधी बदललंच नव्हतं. पाणी तपासायची पट्टी मिळते. ती बुडवून येणारा आकडा माहितीपुस्तिकेतल्या तक्त्याशी जुळवायचा, की झालं. मीठ संपलं म्हणून डब्यातलं आयोडीनयुक्त बारीक मीठ ओतू नका, त्याचा गोळा बसतो. खडेमीठही नको, त्यात इतर क्षार आणि माती असते. डिशवॉशरचंच मीठ आणा. ते भरायचं भांडी धुवायला लावण्याच्या अगदी आधी, कारण सांडलेलं खारं पाणी आत तसंच राहिलं तर स्टीलवर गंज धरतो.

साय क्षारांचीच आहे ना, हे लिंबाच्या फोडीनं कळतं. घासून गेली तर क्षार. काचेचा पेला तरीही धुरकट दिसला, तर काचच झिजली आहे. ती परत चकचकीत होत नाही.

वाट्यांचा घोटाळा मात्र आमचाच होता. हातानं घासताना एकात एक रचायची सवय, तीच इथेही. हे यंत्र घासत नाही, नुसतं गरम पाणी मारतं. जिथे पाणी पोचणार नाही, तिथे वरण तसंच राहणार. वाट्या तिरक्या आणि सुट्या लावा, कढई पालथी. दार लावण्याआधी पाणी फवारणारे पंखे हातानं फिरवून बघा. एकदा परातीच्या काठाला पंखा अडला आणि वरचा कप्पा जवळजवळ कोरडाच निघाला. साबणाच्या झाकणासमोरही ताट आडवं नको, नाहीतर वडी आतच अडकते.

खरकटं काढा, पण भांडी लख्ख विसळून आत ठेवू नका. दोनदा धुण्यात पाणीच जातं. करपलेलं दूध आणि वाळलेली कणीक तेवढी आधी भिजवून काढा.

आणि फिल्टर! तळाचा गोल फिल्टर फिरवून बाहेर येतो, हे आम्हाला महिनाभरानं कळलं. आत मोहरी, जिरं, लिंबाच्या बिया, कढीपत्त्याचे देठ आणि वर तुपाचा चिकट थर. पंखा काढून हलवला तर खुळखुळ्यासारखा वाजला. त्याची भोकं टूथपिकनं मोकळी केली. आपल्या फोडणीच्या घरात फिल्टर आठवड्यातून एकदा नळाखाली धरावाच. कुबट वास बहुतेक वेळा तिथूनच येतो.

ॲल्युमिनियमचा कुकर आत ठेवलात तर काळवंडून बाहेर येईल. लोखंडी तवा, बिडाची कढई, तांब्यापितळेची भांडी, पोळपाट-लाटणं, यातलं काहीच आत नको.

भांडी घासायचं लिक्विड चुकून टाकलं तर फेस दारातून बाहेर येतो. तो यंत्राच्या बाहेरच्या बुडात उतरला, तर गळती झाली असं समजून काही यंत्रं अडून बसतात. पाणी उपसायचा प्रोग्राम लावा आणि फेस फडक्यानं टिपा.

धुऊन झाल्यावर तळाशी पाणी साचलेलं दिसलं तर फिल्टर तुंबलाय का आणि मागचा पाइप दुमडलाय का, ते बघा. फिल्टरच्या खोलगट भागात थोडं स्वच्छ पाणी राहतंच, ते बिघाडाचं लक्षण नाही. पाणी येतच नसेल तर नळ पूर्ण उघडा आहे ना ते पाहा, मग पाइपच्या तोंडाची जाळी धुवा. टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर दाबही कमी पडू शकतो. प्लास्टिकचे डबे ओले निघतात, कारण प्लास्टिक उष्णता धरून ठेवत नाही. त्यांना फडकंच लागतं.

एवढं करूनही अडलं, तर मेकॅनिकला फोन करण्याआधी पडद्यावरच्या कोडचा फोटो काढा. प्लग काढला की तो कोड पुसला जाऊ शकतो.