जिगो बाही बेतताना आणि शिवताना

फ्रेंच भाषेत ‘जिगो’ म्हणजे मेंढीची किंवा कोकराची अखंड मागची तंगडी. आपल्याकडे मटणाच्या दुकानात जिला ‘रान’ म्हणतात, तीच ही. हा शब्द ‘जिग’ नावाच्या एका जुन्या तंतुवाद्याच्या नावावरून आला, कारण तंगडीचा आकार त्या वाद्यासारखा दिसतो. शब्दाच्या शेवटी लिहिला जाणारा ‘टी’ फ्रेंचमध्ये उच्चारला जात नाही, म्हणून ‘जिगो’ असेच म्हणावे. खांद्याशी भरगच्च फुगलेल्या आणि कोपराखाली हाताला घट्ट बसणाऱ्या बाहीलाही युरोपात हेच नाव मिळाले. भाषेची एक गंमतही येथे नोंदवण्याजोगी आहे. फ्रेंचमध्ये ‘मांश’ हा शब्द स्त्रीलिंगी वापरला की त्याचा अर्थ बाही होतो आणि पुल्लिंगी वापरला की दांडा किंवा मूठ होतो. त्यामुळे ‘मांश आ जिगो’ या एकाच शब्दसमूहाने बाहीचाही बोध होतो आणि भाजलेली तंगडी कापताना तिचे हाड धरण्यासाठी लावतात त्या मुठीचाही.

ही बाही शिवायला घेण्यापूर्वी त्या तंगडीकडे एकदा नीट पाहावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. खाटकाच्या दुकानात आकड्याला टांगलेली रान पाहिली तर लक्षात येते की तिचे मांस वरपासून खालपर्यंत सारख्या प्रमाणात कमी होत नाही. मांडीचा भाग गोलाईने भरलेला असतो, गुडघ्याशी तो झपाट्याने आवळतो आणि तेथून खाली केवळ नळी उरते. बाहीतही खांदा ते कोपर ही मांडी आणि कोपर ते मनगट ही नळी आहे. पुष्कळजण खांद्यापासून मनगटापर्यंत सरळ निमुळती रेषा ओढतात, आणि मग बाही तंगडीसारखी न दिसता नरसाळ्यासारखी दिसते.

इतिहासात या बाहीचे दोन काळ ठळक आहेत. १८२०च्या दशकाच्या उत्तरार्धात ती वाढू लागली आणि १८३०च्या दशकाच्या आरंभी इतकी फुगली की तिला आतून आधार देण्यासाठी पिसे भरलेल्या उश्या दंडाला बांधाव्या लागत. त्या काळी खांद्याची शिवण खाली उतरलेली असे आणि फुगाही दंडावर खाली बसे. १८३६च्या सुमारास ही तऱ्हा मावळली. पुढे १८९०च्या दशकात ती परत आली, १८९५च्या आसपास तिने पुन्हा कमाल गाठली, आणि या वेळी फुगा खांद्याच्या हाडावर ताठ उभा राहू लागला. साडीवरच्या ब्लाउजला हीच दुसरी तऱ्हा शोभते, म्हणून पुढील सर्व मापे तिच्यासाठी आहेत. आपल्या घरांतील जुन्या छायाचित्रांत दिसणारे फुग्याच्या बाह्यांचे पोलके या बाहीचे जवळचे नातलग म्हणता येईल, परंतु त्याचा फुगा दंडावरच पट्टीत संपतो, तर जिगो बाही एकाच तुकड्यात खाली चालू राहते.

कापड निवडताना अंगचा ताठरपणा पाहावा. दादरला हिंदमाताच्या दुकानांत किंवा मंगलदास मार्केटमध्ये कापड हातात घेऊन त्याची मूठभर चुणी धरावी आणि सोडावी. चुणी क्षणभर तशीच उभी राहिली तर ते कापड चालेल. टू बाय टू रुबिया, पॉपलीन, तफेटा आणि रॉ सिल्क चांगले काम देतात. जॉर्जेट, क्रेप आणि मऊ रेयॉन टाळावेत, कारण त्यांचा फुगा तासाभरात दंडावर लोळतो. ४४ इंच पन्ह्याचे कापड असेल तर दोन्ही बाह्या एकाखाली एक बसवाव्या लागतात, म्हणून केवळ बाह्यांसाठी सुमारे दीड मीटर कापड धरावे. अंगाचे कापड वेगळे.

आता बेतण्याकडे येऊ. उदाहरणादाखल मुंढा (बाही जोडतात तो खांद्या-काखेभोवतीचा घेर) १६ इंच, दंडघेर ११, कोपर १०, मनगट साडेसहा आणि बाहीची उंची २२ इंच अशी मापे घेऊ. प्रथम खाकी कागदावर साधी, हाताबरोबर बसणारी बाही आखावी. दंडाशी रुंदी १३ इंच, वरच्या गोलाईची उंची साडेपाच इंच, कोपराशी साडेअकरा इंच आणि मनगटाशी साडेसात इंच ठेवावी. कोपराची आडवी रेषा वरच्या टोकापासून सुमारे १३ इंचांवर येते, तरीही प्रत्यक्ष हात वाकवून ती मोजावी. मागच्या शिवणीवर, कोपराच्या रेषेखाली एक इंचावर, पाऊण इंच रुंद आणि तीन इंच लांब असा टक, म्हणजे टोकाकडे निमुळती होत जाणारी शिवलेली चुणी, आखावा, आणि त्यासाठी मागची शिवण पुढच्या शिवणीपेक्षा पाऊण इंच लांब ठेवावी. हा टक नसेल तर खालची घट्ट बाही हात वाकवू देत नाही. या खाक्याची एक प्रत आतल्या बाहीसाठी बाजूला ठेवून द्यावी.

दुसऱ्या प्रतीवर खरे काम होते. वरच्या टोकापासून कोपराच्या रेषेपर्यंत मधोमध सरळ कात्री चालवावी. तेथून कोपराच्या रेषेवर डावीकडे आणि उजवीकडे कापत जावे, मात्र दोन्ही बाजूंच्या शिवणीशी कागद दोऱ्याएवढा जोडलेला राहू द्यावा. आता वरच्या भागाच्या दोन पाकळ्या झाल्या असून त्या कोपराशी बिजागरीसारख्या फिरतात. खाली दुसरा मोठा कागद ठेवून त्या बाहेरच्या बाजूला उघडाव्यात आणि वरच्या टोकाशी नऊ इंच अंतर पडेल असे पाहून चिकटवाव्यात. पाकळ्या उघडताना त्यांची आतली टोके आपोआप वर सरकतात आणि कोपराच्या रेषेवर पाचरीसारखी फट पडते. ही फट जशीच्या तशी राहू द्यावी, कारण तीच फुग्याला उंची देते. त्यानंतर मधल्या टोकावर आणखी दोन ते अडीच इंच उंची वाढवून नवी गोलाई काढावी.

ही वाढीव उंची कोणी गाळू नये. मी पहिली जिगो बाही भाचीच्या साखरपुड्यासाठी शिवली, तेव्हा रुंदी भरपूर दिली आणि उंची मात्र साध्या बाहीचीच ठेवली. चुण्या सुरेख पडल्या होत्या, पण तिने ब्लाउज घालताच फुगा वर उठण्याऐवजी दोन्ही बाजूंना पसरला, मधोमध कापड ताणले गेले आणि खालची बाही कोपरापासून वर खेचली जाऊ लागली. साखरपुड्याच्या आदल्या रात्री दोन्ही बाह्या उसवून नव्याने बेताव्या लागल्या. फुगा रुंदीने पसरतो आणि उंचीने उभा राहतो, हे मला त्या रात्री कळले. तेव्हापासून पहिली बाही मी नेहमी मांजरपाटात शिवून पाहते आणि मगच चांगल्या कापडाला कात्री लावते.

कापड कापताना बाहीची मधली रेषा उभ्या धाग्यावर ठेवावी आणि सर्व बाजूंनी अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीसाठीचे जादा कापड, सोडावी. मुंढ्याच्या जागी ब्लाउजचा खांदा नेहमीपेक्षा अर्धा ते पाऊण इंच आत घ्यावा. खांदा रुंद राहिला तर फुगा हाडावर न बसता दंडावर घसरतो आणि घालणारीचे खांदे पडल्यासारखे दिसतात.

शिवताना आधी टक घालावा, मग चुण्यांचे दोरे घालावेत. काखेपासून दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच जागा सपाट सोडून तेथे खुणेची कातर मारावी. या दोन खुणांच्या मध्ये मोठ्या टाक्याच्या दोन समांतर टिपा, एकमेकींपासून पाव इंच अंतरावर, घालाव्यात. येथे सुमारे २१ इंच कापड मुंढ्याच्या दहा इंचांत बसवायचे असते. दोन्ही टिपांचे खालचे दोरे एकत्र ओढावेत आणि चुण्या सारख्या वाटून न देता मधल्या चार इंचांत दाट, तर खुणांकडे विरळ ठेवाव्यात. काखेत एकही चुणी येऊ देऊ नये. मुंबईच्या घामात ती तेथे टोचते आणि लवकर विरते. त्यानंतर बाजूची शिवण मारावी आणि मनगटाशी तीन इंच उघडे ठेवून तेथे हूक किंवा कापडी फासे व बटणे लावावीत.

आतली बाही, म्हणजे बाजूला ठेवलेला साधा खाका, मऊ सुती अस्तरात शिवावी. ती हाताला धरून बसते आणि बाहेरच्या फुग्याला खाली घसरू देत नाही. दोन्ही बाह्या मनगटाशी एकत्र शिवाव्यात, कोपराशी बाजूच्या शिवणीत हातटाक्यांनी अडकवाव्यात आणि मग एकत्रच मुंढ्याला जोडाव्यात. पिसांच्या उश्यांचे काम आज जाळीची पट्टी करते. २० इंच लांब आणि पाच इंच रुंद कॅनकॅनची पट्टी उभी दुमडून अडीच इंचांची करावी, तिची टोके निमुळती कापावीत, तिला चुण्या घालून आठ इंचांवर आणावी आणि दोन बाह्यांच्या मधोमध, खांद्याच्या शिवणीत पकडावी. खळ दिलेली ऑर्गंडी दिसायला अधिक नाजूक असते, पण पावसाळ्याच्या दमट हवेत तिचा ताठरपणा उतरतो, म्हणून जून ते सप्टेंबरच्या समारंभांसाठी नायलॉनची जाळीच वापरावी. जाळीची कड त्वचेला लागू नये यासाठी तिच्यावर अस्तराची उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी फिरवावी.

बाही कच्च्या टाक्यांनी जोडून झाली की लोकलमधली कडी पकडल्यासारखा हात सरळ वर करून पाहावा. ब्लाउजची खालची कड एखाद्या इंचापेक्षा जास्त वर गेली तर मुंढा खोल झाला आहे असे समजावे आणि तो काखेत अर्धा इंच वर घ्यावा. मग कोपर पूर्ण वाकवून पाहावे. येथे ताण जाणवला तर टक खाली किंवा वर सरकवावा. या दोन्ही कसोट्या पार पडल्यावरच पक्की टीप मारावी.

ज्यांना मनगटापर्यंतची बाही उन्हाळ्यात नको वाटते, त्यांनी कोपराखाली चार इंचांवर ती संपवावी. तंगडीचा आकार तरीही राहतो, कारण आवळणे कोपराशीच होते. त्याहून आखूड केली तर मात्र ती फुग्याची बाही होते.

नेसताना पदराचा विचार वेगळा करावा लागतो. पदर फुग्यावरून गेला तर डावी बाही चेपते आणि दोन्ही खांदे असमान दिसतात. म्हणून पदराच्या निऱ्या बारीक घ्याव्यात आणि पिन नेहमीपेक्षा इंचभर गळ्याकडे लावावी. उघडा सोडलेला पदर या बाहीवर नीट बसत नाही.

इस्त्री करताना फुग्यावर सपाट दाब देऊ नये. टॉवेलची घट्ट गुंडाळी बाहीत घालावी, इस्त्रीची वाफ थोड्या अंतरावरून द्यावी आणि केवळ कोपराखालचा भाग दाबून काढावा. कपाटात ब्लाउज घडी न घालता हँगरला लावावा आणि दोन्ही फुग्यांत जुनी सुती ओढणी सैल भरून ठेवावी. वर्तमानपत्र भरू नये, कारण दमट दिवसांत त्याची शाई अस्तराला लागते.