रसायनशास्त्रात संशोधन करताय? ग्रंथालय वापरताना या चुका टाळा

पीएच.डी.ची नोंदणी झाली की विद्यार्थी आधी प्रयोगशाळेतली आपली जागा पक्की करतो, केमिकल्सची यादी काढतो, गाइडची सही घेऊन इंडेंट टाकतो. ग्रंथालयाची आठवण येते ती सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा सारांश, लिहायला बसल्यावर. ज्या संयुगासाठी दोन वर्षं शुद्धीकरणाचे कॉलम चालवले, ते कुणीतरी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच बनवून ठेवलंय, हे मग तेव्हा कळतं. माझं कळकळीचं सांगणं आहे की पहिला फ्लास्क चढवण्याआधीचे काही आठवडे ग्रंथालयाला द्या. आणि रसायनशास्त्रातला शोध इतर विषयांसारखा घेता येत नाही, हे आधी समजून घ्या.

नाव टाकून शोधणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. आपल्या हळदीतलं कर्क्युमिन घ्या. एका पेपरात ते कर्क्युमिन असतं, जुन्या पेपरात डायफेरुलॉइलमिथेन, तिसरीकडे आंतरराष्ट्रीय नियमांनुसारचं लांबलचक आययूपॅक नाव. चौथ्या पेपरात तर नावच नसतं, नुसती आकृती आणि खाली ‘संयुग ३बी’. गुगलला ती आकृती रेणू म्हणून वाचता येत नाही. त्यामुळे ‘गुगल स्कॉलरवर काहीच नाही, म्हणजे विषय नवा’ या निष्कर्षाला काही अर्थ नाही.

यावर उपाय दोन. पहिला कॅस नंबर. अमेरिकेतली केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिस (कॅस) प्रत्येक पदार्थाला स्वतंत्र क्रमांक देते, कर्क्युमिनचा ४५८-३७-७. नावं कितीही असोत, क्रमांक तोच. मात्र क्षार, हायड्रेट, वेगळा स्टिरिओआयसोमर (अणूंची अवकाशातली मांडणी वेगळी असलेलं रूप) यांचे क्रमांक वेगळे असतात. मूळ अमाइनचा नंबर टाकून त्याच्या हायड्रोक्लोराइडची माहिती शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

दुसरा उपाय म्हणजे रचना काढून शोध घेणं. सायफाइंडर आणि रिअ‍ॅक्सिस या रसायनशास्त्राच्या डेटाबेसची खरी ताकद तिथे आहे. पण इथेही एक गफलत नेहमी होते. विद्यार्थी आपला अख्खा रेणू काढतो, एक्झॅक्ट सर्च लावतो, शून्य उत्तरं आली की खूश होतो. तो नेमका रेणू नसेलही, पण त्याचा गाभा तसाच ठेवून मिथाइलच्या जागी इथाइल असलेली वीस संयुगं नोंदलेली असू शकतात. म्हणून गाभा तेवढा काढून सबस्ट्रक्चर सर्च घ्या, मग मिळत्याजुळत्या रेणूंसाठी सिमिलॅरिटी सर्च. पेटंटमध्ये तर मार्कुश पद्धतीने, म्हणजे बदलत्या गटांच्या जागी नुसती चिन्हं ठेवून, एकाच आकृतीत हजारो संयुगं सामावलेली असतात, तीही तपासा. रेणूला कीटो आणि ईनॉल अशी एकमेकांत बदलणारी दोन्ही रूपं असतील, जशी कर्क्युमिनला आहेत, तर दोन्ही काढून बघा.

तुमच्या विद्यापीठात ही दोन्ही साधनं नसतील तर पबकेम हा डेटाबेस मोफत आहे आणि तिथेही रचना काढून शोधता येतं. सुरुवात तिथून करा. मग शेजारच्या ज्या संस्थेकडे सायफाइंडर आहे, तिथे जाऊन काम करता येईल का, हे आपल्या ग्रंथपालांना विचारा.

एक्सेलने कॅस नंबर बिघडवणं

पॅलॅडियमचा नंबर ७४४०-०५-३. तो एक्सेलमध्ये टाइप केला की एक्सेल त्याची तारीख करून टाकू शकतं: वर्ष ७४४०, महिना पाचवा, दिवस तिसरा! प्लॅटिनमच्या ७४४०-०६-४ चंही तेच. नंबर भरण्याआधी तो कॉलम ‘टेक्स्ट’ करून ठेवा.

नंबर उतरवताना आकडा चुकला का, हे कागदावरही तपासता येतं. शेवटचा अंक पडताळणीचा असतो. तो सोडून उरलेल्या अंकांना उजवीकडून १, २, ३ असं गुणत जायचं आणि बेरीज करायची. पाण्याचा नंबर ७७३२-१८-५. उजवीकडून ८×१, १×२, २×३, ३×४, ७×५, ७×६, बेरीज १०५. तिचा एकक स्थानचा अंक ५, नंबरचा शेवटचा अंकही ५. जुळलं. केमिकल मागवण्याआधी हे अर्ध्या मिनिटाचं काम जरूर करा.

‘पेपर उघडत नाही’ म्हणून सोडून देणं

१ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्र सरकारची योजना सुरू झाली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स देशभरातल्या सरकारी उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांना खुली झाली. अमेरिकन केमिकल सोसायटी, रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री, वायली, एल्सव्हियर हे सगळे त्यात आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी संस्थेतल्या विद्यार्थ्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. तरीही पैसे मागणारं पान समोर आलं की मुलं परत फिरतात.

आधी बघा, तुम्ही कॅम्पसच्या नेटवर्कवर आहात की मोबाइल डेटावर? फोनमध्ये व्हीपीएन चालू आहे का? घरून वाचायचं असेल तर प्रकाशकाच्या पानावरचा संस्थात्मक लॉगिनचा पर्याय निवडा आणि इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राच्या इन्फेड या लॉगिन यंत्रणेतून आपल्या संस्थेचं नाव शोधून आत जा. यासाठीचं युजरनेम-पासवर्ड आपल्या संस्थेकडूनच मिळतं. बहुतेक ठिकाणी ते काम ग्रंथालयच बघतं. एक लक्षात ठेवा, ही योजना जर्नल्सची आहे. सायफाइंडर, रिअ‍ॅक्सिस त्यात धरून चालू नका.

पेपर कशानेच उघडला नाही तरी त्याची सपोर्टिंग इन्फर्मेशन, म्हणजे सोबतची पुरवणी, बघा. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या (एसीएस) जर्नल्समध्ये ती सर्वांना मोफत असते, आणि प्रयोगाची खरी कृती, रेणूची रचना ओळखण्याच्या एनएमआर तपासणीची आकडेवारी बहुधा तिथेच मिळते.

एका रात्रीत सगळं डाउनलोड करणं

एखादं सॉफ्टवेअर लावून जर्नलचे अंकच्या अंक उतरवून घेणं हा कराराचा भंग आहे. प्रकाशकाच्या यंत्रणेला ते लगेच कळतं आणि अख्ख्या कॅम्पसचा ॲक्सेस बंद होऊ शकतो. एकाच्या हव्यासापायी शेकडो जण अडकतात. सायफाइंडरचं खातंही वैयक्तिक असतं. लॅबमध्ये सगळ्यांनी एकच पासवर्ड वापरू नका.

जुनं ते निरुपयोगी समजणं

रसायनशास्त्रात १९३५ सालचा द्रवणांक आजही कामाचा असतो. पेपरांचे सारांश देणारं केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स १९०७ पासून निघतं, छापील आवृत्ती २०१० च्या सुरुवातीला थांबली. जुन्या विद्यापीठांत त्याचे जाडजूड खंड अजून रॅकवर आहेत. हळदीचंच उदाहरण पुन्हा देतो. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्यावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआरने, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. पुराव्यांत प्राचीन ग्रंथ होते, तसा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला १९५३ चा एक पेपरही होता. तो कुणीतरी कुठल्यातरी ग्रंथालयात जपला होता, म्हणून सापडला.

कृती निवडतानाही हाच विचार करा. एखाद्या पेपरातलं ९५ टक्के यिल्ड (मिळालेल्या पदार्थाचं प्रमाण) बघून हुरळून जाण्याआधी ‘ऑरगॅनिक सिंथेसेस’ हे कृतींचं प्रकाशन उघडा. १९२१ पासून चालू आहे, ऑनलाइन मोफत आहे आणि त्यातली प्रत्येक कृती छापण्याआधी दुसऱ्या प्रयोगशाळेत करून बघितलेली असते.

रेफरन्स न तपासता उचलणं

‘आंगेवांटे केमी’ या जर्नलच्या जर्मन आणि इंटरनॅशनल अशा दोन आवृत्त्या आहेत, आणि त्यांचे खंड क्रमांक जुळत नाहीत, जुन्या पेपरांचे तर पृष्ठ क्रमांकही नाहीत. कोल्ब, फिन आणि शार्पलेस यांचा क्लिक केमिस्ट्रीवरचा २००१ चा प्रसिद्ध पेपर इंटरनॅशनलमध्ये खंड ४०, पृष्ठ २००४ वर आहे. जर्मनमध्ये खंड ११३, पृष्ठ २०५६ वर. दुसऱ्याच्या यादीतून उचललेल्या रेफरन्समध्ये एकाचं नाव आणि दुसऱ्याचं पान, अशी खिचडी झालेली असते. मूळ पेपर उघडूनच रेफरन्स घ्या. झोटेरो हे रेफरन्स सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर मागे घेतलेल्या पेपरवर ते खूण करतं. ती खूण दिसली की थांबा.

थिसिस आणि पेटंट यांचा क्रम चुकवणं

थिसिस शोधगंगेवर, म्हणजे भारतीय थिसिसच्या ऑनलाइन संग्रहात, गेला की तो जगासमोर आला. त्यातल्या संयुगाचं पेटंट घ्यायचा विचार असेल तर अर्ज आधी दाखल झाला पाहिजे. थिसिस काही काळ वाचकांसाठी बंद ठेवता येईल का, हे सादर करण्याच्या कितीतरी आधी गाइड आणि ग्रंथपालांशी बोलून ठरवा. इतरांच्या लेखनाशी साम्य तपासणीही शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण प्रायोगिक भागातली ठराविक वाक्यं आकडा भराभर वाढवतात.

जर्नल निवडताना अजूनही ‘केअर लिस्टमध्ये (यूजीसीच्या मान्य जर्नल्सच्या यादीत) आहे का’ असं विचारलं जातं. यूजीसीने ती यादी बंद केल्याचं फेब्रुवारी २०२५ मध्येच जाहीर केलंय. आता जबाबदारी आपली आणि संस्थेची. संपादक मंडळ कोण आहे, अलीकडचे पेपर कसे आहेत, संकेतस्थळ खऱ्याच जर्नलचं आहे की नक्कल, हे ग्रंथपालांसोबत बसून तपासा.

ग्रंथपालांकडे अर्धवट मागणी नेणं

‘सर, तो पायरिडिनवाला पेपर हवाय’ एवढ्यावर कुणालाच काही शोधता येणार नाही. लेखक, जर्नल, वर्ष, खंड, पृष्ठ, असल्यास डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक), आणि तुम्ही आधी कुठे कुठे शोधलंत, एवढं ईमेलमध्ये लिहा. तुमचं ग्रंथालय डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याचं सदस्य असेल तर तो लेख दुसऱ्या ग्रंथालयातून मागवता येतो. त्याला काही दिवस लागतात, म्हणून गरज दिसताच मागणी नोंदवा. प्रेझेंटेशनच्या आदल्या संध्याकाळी गेलात तर ग्रंथपालांचाही नाइलाज होतो.