बाळाचे व्हिटॅमिन ए चे नऊ डोस पूर्ण कसे करायचे

आधी घरातलं माता-बाल संरक्षण कार्ड शोधून काढा, लसीकरणाचं पान उघडा आणि व्हिटॅमिन ए पुढे किती तारखा लिहिल्यात ते मोजा. पाच वर्षांपर्यंत एकूण ९ हव्यात. माझी भाची तीन वर्षांची झाली तरी तिच्या कार्डावर दोनच होत्या आणि घरात कुणाला पत्ता नाही, कारण पहिले दोन डोस गोवर-रुबेलाच्या सुईबरोबर होऊन जातात, पुढे पाच वर्षांपर्यंत सुईच नसते मग कोण आठवणीने जातंय.

हिशोब असा: नवव्या महिन्यात १ मिली म्हणजे १ लाख युनिट, साधारण दीड वर्षाला २ मिली, तिथून दर सहा महिन्यांनी २ मिली. राहिलेले डोस एकदम भरून काढायचे नाहीत हं! आशाताईंना किंवा अंगणवाडीत कार्ड दाखवा, एक घ्या, पुढचा सहा महिन्यांनी. हे व्हिटॅमिन लिव्हरमध्ये साठतं, जास्त झालं तर उलट्या, डोकेदुखी होते, म्हणून मेडिकलमधून आणून घरच्या घरी अजिबात पाजू नका.

एवढं कशासाठी तर नाक, घसा, श्वासनलिका, आतडी यांचं आतलं ओलसर अस्तर या व्हिटॅमिनवर टिकतं, ते कमी पडलं की अस्तर कोरडं खरखरीत होतं आणि जंतूंना वाट मिळते. त्यात जुलाब किंवा गोवर झाला की मूल खात नाही, आहे तो साठाही संपतो आणि पुढचं आजारपण लगेच गाठतं. इंडोनेशियात आचे भागात डोळ्यांचे डॉक्टर आल्फ्रेड सोमर यांच्या टीमने सहा महिन्यांच्या अंतराने डोस दिले तेव्हा लहान मुलांचे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने कमी झाले, ते निष्कर्ष १९८६ मध्ये छापून आले. साधी सर्दी मात्र याने थांबत नाही, तशी अपेक्षा ठेवू नका.

डोस आहे म्हणून ताट विसरायचं नाही. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, सुरुवातीचं पिवळं चिकाचं दूध तर फेकायचंच नाही. नंतर शेवग्याचा पाला, माठ, लाल भोपळा, गाजर, पिकलेली पपई, आंबा, चालत असेल तर अंड्याचा बलक. भाजीत चमचाभर तेल हवंच, नाहीतर अंगी लागत नाही.

गोवर आला तर फक्त कडुलिंबाचा पाला ठेवून घरात बसू नका प्लीज, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या. तिथे वयाप्रमाणे लागोपाठ दोन दिवस व्हिटॅमिन ए देतात, डोळ्यांवर परिणाम दिसला तर चार ते सहा आठवड्यांनी तिसरा डोसही असतो. आणि गोवर नसला तरी मूल अंधार पडल्यावर ठेचकाळत असेल, समोरचं खेळणं चाचपडत असेल, किंवा बुबुळाच्या बाजूला पांढऱ्या भागावर फेसासारखा डाग दिसला तर पुढच्या डोसच्या तारखेची वाट बघायची नाही, लगेच डॉक्टरांना डोळे दाखवायचे.