वकील फुकट मिळाला, तरी काम का अडतं? मोफत कायदेशीर मदत घेताना या चुका टाळा

नाशिकला सीबीएस बसस्थानकापासून चालत पाच मिनिटांवर आमचं ऑफिस. चार वकील, एक टायपिस्ट, दोन कपाटं. शनिवारी आम्ही फी घेत नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडून पहिल्या एसटीने निघालेली माणसं आमच्याआधीच जिन्यात येऊन बसलेली असतात. दुपारी संस्थावाले येतात, काखेत बॉक्स फाइल घेऊन. बारा वर्षं हे चाललंय, आणि आता एवढं खात्रीने सांगते की असं काम कायद्याच्या मुद्द्यावर फार कमी वेळा अडतं. ते अडतं घरी राहिलेल्या कागदापायी आणि हुकलेल्या तारखेपायी. वकील फुकट मिळाला की मुदतही आपोआप वाढते, असं का कोण जाणे, पण पुष्कळांना वाटतं.

"आपल्याला बसत नाही" हे स्वतःच ठरवणं

गेल्या पावसाळ्यात एक बाई आल्या. नवऱ्याने घराबाहेर काढलेलं, पदरात दोन मुलं. खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, माझं कार्ड केशरी आहे, पिवळं नाही. मग मला सरकारी वकील मिळायचा नाही ना?"

"कोण म्हणालं?"

"भाऊ म्हणाला."

"ताई, कार्डाचा रंग तिथं कुणी विचारत नाही. तुम्ही बाई आहात, तेवढं पुरे."

(सरकारी वकील म्हणजे खरं तर सरकारची बाजू मांडणारा. पण गावाकडे मोफत वकिलालाही हाच शब्द आहे, आणि मी तो दुरुस्त करत बसत नाही.)

मोफत वकिलाचा हक्क देणारा कायदा म्हणजे विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ चा. तो लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ ला. त्याच्या कलम १२ मधली यादी एकदा नीट वाचा. बाई, लहान मूल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार, वेठबिगारीचा बळी, पूर-दुष्काळ-भूकंपाचा किंवा जातीय अत्याचाराचा फटका बसलेला माणूस, कोठडीत असलेला कुणीही. यातल्या कुणालाच उत्पन्नाची अट नाही. बँकेत नोकरी करणारी बाईसुद्धा अर्ज करू शकते. उत्पन्नाची मर्यादा उरलेल्यांसाठी आहे. आपल्या राज्यात ती वर्षाला ३ लाख रुपये. तिथेही उत्पन्नाबद्दलचं प्रतिज्ञापत्र पुरेसं धरता येतं, असं कलम १३ म्हणतं. तरी माणसं तहसीलच्या दाखल्यासाठी तीन-तीन आठवडे सेतूच्या रांगेत घालवतात आणि तेवढ्यात मुदत निघून जाते.

कोठडीचा मुद्दा तर घराघरात चुकतो. पोराला पोलिसांनी नेलं की आई आधी डोरलं मोडते. त्याआधी मोफत कायदेशीर मदतीच्या १५१०० या हेल्पलाइनला फोन करा, किंवा तालुक्याच्या कोर्टातली विधी सेवा समिती गाठा.

प्रथमदर्शनी केसमध्ये दम नसेल तर प्राधिकरण, म्हणजे हे मोफत वकील देणारी यंत्रणा, अर्ज नाकारू शकतं, हेही माहीत असू द्या. आमच्यासारख्या खासगी ऑफिसला तर नाही म्हणायची पूर्ण मोकळीक आहे. नकार मिळाला म्हणजे दार बंद झालं असं समजू नका. एका ठिकाणी नाही म्हणाले तर दुसरीकडे विचारा, पण विचारताना पहिल्या नकाराचं कारण लपवू नका.

निवडून आणलेले कागद

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

सुरगाण्याकडचे एक बाबा वनहक्काच्या दाव्यासाठी आले होते. दावा उपविभागीय समितीकडे नामंजूर झालेला. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या मोर्च्यात तेही होते. मोर्च्याची लाल टोपी पिशवीत होती, पण जमिनीचा पुरावा म्हणावा असं काही नव्हतं. आधार, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, मुलाच्या शाळेचा दाखला. मी विचारलं, "बाबा, फॉरेस्टवाल्यांनी कधी दंड केला होता का?" ते गप्प. मग नातवाकडे बघून म्हणाले, "केला. तो गुन्ह्याचा कागद. तो कशाला आणू?"

पुढच्या शनिवारी तो कागद आला, बायकोच्या पेटीतल्या लुगड्याच्या घडीतून. १९८८ ची दंडाची पावती. कार्बनची निळी अक्षरं पुसट झालेली, पण गावाचं नाव आणि अतिक्रमणाचा उल्लेख वाचता येत होता. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासी दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. (बिगरआदिवासी असाल तर वाट बिकट आहे. तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, वनावर अवलंबून राहिल्याचं दाखवायचं.) ज्या खात्याने "तू इथं बेकायदा कसतोस" म्हणून दंड घेतला, त्याच खात्याच्या सही-शिक्क्याने तो १९८८ ला तिथं कसत होता हे सिद्ध होतं. जोडीला गावातल्या म्हाताऱ्यांचे लेखी जबाब घेतले, कारण ग्रामसभेने एकाहून अधिक पुरावे पाहावेत असं नियमच सांगतो. उपविभागीय समितीच्या निर्णयावर जिल्हा समितीकडे जायला ६० दिवस असतात. बाबा आले तेव्हा त्यातले ४१ सरले होते.

म्हणून कागद निवडू नका. आम्हाला तोंडघशी पाडणारा वाटतो तोही आणा. कामाचा कुठला ते आम्हाला ठरवू द्या. नोटिशीचं पाकीट फेकू नका. त्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्यावरून नोटीस कधी मिळाली ते सांगता येतं, आणि मुदत पुष्कळदा तिथूनच मोजली जाते. मूळ कागद कुणाच्याही हवाली करू नका, आमच्याही नाही. तीन संच झेरॉक्स करा. कोर्टात मूळ कागद दाखल करायची वेळ आलीच, तर कागदांच्या यादीवर वकिलाची सही घेऊन ती आपल्याजवळ ठेवा.

मोफत वकील मिळेपर्यंत थांबणं

ओळखीच्या कुणीतरी "शनिवारी जा, तिथं फुकट करतात" म्हणून सांगितलेलं असतं, आणि माणूस त्या शनिवारची वाट बघत निकाल खिशात घालून फिरतो. दिवाणी कोर्टाच्या निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. तुमच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा झाला असेल तर तो रद्द करून मागायलाही ३० दिवसच. समन्स नीट बजावलंच नसेल, तर हे ३० दिवस तुम्हाला कळलं त्या दिवसापासून मोजतात. विलंबमाफीचा अर्ज करता येतो, पण त्यात उशिराचं पटेल असं कारण द्यावं लागतं, आणि "वकील शोधत होतो" हे कारण कोर्टाने हजारदा ऐकलेलं आहे.

निकाल लागला त्याच दिवशी नकलेसाठी अर्ज टाका. त्याला वकील लागत नाही. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस अपिलाच्या मुदतीतून वगळले जातात, पण अर्जच केला नसेल तर वगळायचं काय? केसचा १६ अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक मुलाच्या मोबाइलमध्ये ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर टाकून ठेवा, पुढची तारीख घरबसल्या दिसते. आधीचा वकील असेल तर त्याची ना-हरकत सोबत आणा. तिच्याशिवाय नव्या वकीलपत्राला अडचण येते. आधीच्या वकिलावर राग असला तरी त्याला फोन करा. आम्ही करतो तेव्हा त्याला अपमान वाटतो.

संस्थांची गोष्ट वेगळी

कलम १२ च्या यादीत संस्था नाहीत. त्यामुळे वसतिगृह चालवणारी, मतिमंद मुलांची शाळा चालवणारी, बचत गटांची लहान संस्था आमच्यासारख्यांकडेच येते. आणि दहातल्या सात वेळा दुखणं एकच असतं: चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याचं धर्मादाय कार्यालयाला कळवणं.

होतं असं. संस्था १९९० च्या आसपास नोंदलेली. अध्यक्ष वारले, सचिव मुलाकडे बेंगळुरूला गेले, नवी माणसं आली, काम जोरात सुरू. धर्मादाय कार्यालयात मात्र परिशिष्ट १ वर, म्हणजे संस्थेच्या नोंदीच्या उताऱ्यावर, जुनीच नावं. कुणाचं अडत नाही म्हणून कुणी बघत नाही. मग एखादी कंपनी सीएसआरचा, म्हणजे सामाजिक कामासाठीचा, निधी द्यायला निघते, किंवा बँक सह्या बदलून द्यायला नकार देते, आणि सगळे जागे होतात. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत कळवायचा असतो. इथे पंधरा-पंधरा वर्षं उलटलेली असतात.

सगळ्या वर्षांचा मिळून एकच रिपोर्ट टाकून मोकळं व्हायला प्रत्येकाला आवडेल. तसं होत नाही. २०१० ची कार्यकारिणी मान्य झाल्याशिवाय तिने बोलावलेल्या सभेत निवडलेली २०१५ ची कार्यकारिणी कशी मान्य होणार? शिडीच्या पायऱ्या खालून वर चढाव्या लागतात. प्रत्येक पायरीला सभेची नोटीस, ती पोहोचल्याचा पुरावा, हजेरी, इतिवृत्त, राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला, नव्या विश्वस्तांची संमती आणि विलंबमाफीचा अर्ज. नोटीस कशी पाठवायची आणि किती दिवस आधी, हे तुमच्या संस्थेच्या घटनेत लिहिलेलं असतं. घटनेत टपालाने म्हटलं असेल तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेला निरोप चालत नाही, मग त्यावर चाळीस निळ्या खुणा असोत.

आणि ही अशी चूक आहे की तिच्यानंतर आम्ही फाइल परत करतो. एका संस्थेचे लोक सहा वर्षांचं इतिवृत्ताचं रजिस्टर घेऊन आले. एकच अक्षर, एकच जेल पेन, पानांना नव्या कागदाचा वास. मी संस्थापकांच्या मृत्यूचा दाखला शेजारी ठेवून पानं चाळत होते. संस्थापक वारले २०१४ ला. २०१६ च्या सभेच्या हजेरीत तिसरी सही त्यांची. समोरचे गृहस्थ वाईट नव्हते, तीस अनाथ मुलांचं रोजचं जेवण त्यांच्या जिवावर चाललंय. त्यांना वाटलं, कागदच तर पुरा करायचाय. पण हा बनावट दस्तऐवज झाला, आणि एकदा विरोधी गटाच्या हाती लागला की त्याच्यासोबत खऱ्या सभाही खोट्या ठरतात. सभा झालीच नसेल तर तसं सांगा. रजिस्टर हरवलं असेल तर हरवलं म्हणा. त्यावर मार्ग निघतो.

आणखी दोन गोष्टी. दान मिळालेली जमीन विकण्याआधी, किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने देण्याआधी (शेतजमीन असेल तर दहा), कलम ३६ ची पूर्वपरवानगी लागते. सौदा करून मग आमच्याकडे येणं म्हणजे साप घरात घेऊन गारुडी शोधणं. दुसरी, धर्मादाय नोंदणी म्हणजे आयकराची सवलत नव्हे, आणि परदेशी देणगीची परवानगी तर नव्हेच. न्यू जर्सीतल्या आपल्याच गावच्या मुलाने पाठवलेले पैसे परदेशी देणगी ठरतात का, हे त्याच्या पासपोर्टवर अवलंबून. भारतीय नागरिक असून स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवले तर नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर तो परदेशी स्रोत, भले गणपतीला दरवर्षी गावी येत असेना. त्यासाठी एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं लागतं. पैसे घ्यायच्या आधी विचारा.

पैशाबद्दल न बोलणं

मोफत म्हणजे फी नाही. कोर्ट फी, नोटरी, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस यांचं काय, हे पहिल्याच भेटीत विचारा. प्राधिकरणामार्फत वकील मिळाला असेल तर हा खर्चही तेच करतात. त्या वकिलाने पैसे मागितले तर देऊ नका, जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा. पोटगी, घटस्फोट, घरगुती हिंसाचार अशा प्रकरणांत महाराष्ट्रात बाईला १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. तरी ती भरून बसलेल्या बायका आम्हाला दर महिन्याला भेटतात.

लोकअदालतीत तडजोड करताना घाई करू नका. तिथल्या निवाड्यावर अपील नाही. भरलेली कोर्ट फी परत मिळते खरी.

आमच्या चुका

वकिलांनीही ऐकावं. गरिबाला मोफत मदत करणं हे आपलं कर्तव्य आहे असं बार कौन्सिलच्या नियमांत लिहिलंय. आपण मात्र त्या कामावर सगळ्यात नवा ज्युनिअर पाठवतो, तारखेला फीची केस आली की मोफत केसची तारीख वाढवून घेतो, आणि वर मदत घेणाऱ्या बाईसोबतचा फोटो फेसबुकवर टाकतो. तो फोटो तिच्या सासरचेही बघतात. शिवाय जाहिरातीचा नियम मोडतो तो वेगळाच. फाइल घेण्याआधी समोरची बाजू आपल्याच जुन्या अशिलाची आहे का, हेही फुकटच्या कामात कुणी तपासत नाही. एकदा आम्हीच तपासलं नव्हतं. तिसऱ्या तारखेला वकीलपत्र मागे घ्यावं लागलं आणि त्या माणसाचे पाच महिने गेले.

तेव्हापासून आम्ही पहिल्या भेटीत एक पान लिहून देतो. मोठ्या अक्षरात, मराठीत. आम्ही काय करणार, काय करणार नाही, पुढची तारीख, सीएनआर क्रमांक, कोणते कागद घेतले आणि फोन कुणाला करायचा. सुरगाण्याच्या बाबांना वाचता येत नाही. नातवाने दोनदा वाचून दाखवलं. त्यांनी ते पान चौघडी घातली आणि दंडाच्या पावतीसोबत त्याच लुगड्यात ठेवायला घरी नेलं.