सीपीयू ओव्हरक्लॉक करताय? आधी कुठे थांबायचं ते ठरवा

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे नक्की काय, तर सीपीयू म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त स्पीडला पळवणं. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगच्या स्क्रीनवर) बेस क्लॉक बहुतेक वेळा १०० मेगाहर्ट्झ असतो, त्याला मल्टिप्लायरने गुणलं की स्पीड येतो, म्हणजे ४५ चा मल्टिप्लायर ५० केला की ४.५ गिगाहर्ट्झचे ५ गिगाहर्ट्झ झाले. इतकंच. आकडा बदलायला दहा सेकंद लागतात, पुढची डोकेदुखी मात्र व्होल्टेजची.

स्पीड वाढला की चिपला जास्त व्होल्टेज लागतं, आणि पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यात स्पीडचा गुणाकार वेगळाच. समजा ४.५ ला १.२० व्होल्ट पुरत होते आणि ५ ला १.३५ लागले, तर स्पीड वाढला ११ टक्के आणि उष्णता जवळपास ४० टक्के. हा हिशोब आधी कागदावर मांडा, अर्ध्या लोकांचा उत्साह इथेच मावळतो (माझा नाही मावळला, ते पुढे सांगतो).

आधी तुमचा सीपीयू अनलॉक्ड आहे का, म्हणजे त्याचा मल्टिप्लायर बदलता येतो का बघा. इंटेलमध्ये साधारण नावात के असलेलं मॉडेल आणि झेड चिपसेटचा मदरबोर्ड लागतो, एएमडीच्या रायझेनमध्ये बहुतेक चिप खुल्या असतात पण ए सिरीजच्या स्वस्त बोर्डावर मल्टिप्लायर हलवता येत नाही. आणि ५८००एक्स३डी सारख्या चिपला मल्टिप्लायर लॉकच आहे, उगाच डोकं लावू नका.

मग डेटाचा बॅकअप घ्या. हे लोक हसण्यावारी नेतात. पीसी बंद पडला तर कळतं तरी, पण अर्धवट स्टेबल ओव्हरक्लॉक गुपचूप चुकीची गणितं करतो आणि फाइल्स खराब होतात, ते महिन्याने कळतं. माझं तेच झालं, गेम तासन्‌तास व्यवस्थित चालायचे म्हणून मी खूश, आणि मोठ्या झिप फाइल्स उघडताना सीआरसी एरर, म्हणजे फाइलमधला डेटा बिघडल्याची खूण. आठवडाभर मी बिचाऱ्या हार्ड डिस्कला शिव्या घालत होतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हिया (WHEA, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांची नोंद) एरर दिसले की समजून जा, स्क्रीन निळी झाली नसली तरी.

आता प्रत्यक्ष काम. मल्टिप्लायर एकेकाने वाढवा, दर वेळी ओसीसीटी किंवा प्राइम९५ (सीपीयूवर पूर्ण ताण टाकणारे प्रोग्रॅम) चालवा आणि शेजारी तापमान-व्होल्टेज दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवा. सिनेबेंच या स्पीड टेस्टचा एक राउंड पास झाला म्हणजे स्टेबल, असं नसतं, काही तास तरी चालू द्या. क्रॅश झालं तर व्होल्टेज ०.०१–०.०२ ने वाढवा, एकदम ०.१ नाही! व्होल्टेज ऑटोवर ठेवून मल्टिप्लायर चढवू नका, बरेच बोर्ड सुरक्षित बाजूला राहायचं म्हणून भरमसाट व्होल्टेज देतात. बूटच होत नसेल तर घाबरू नका, सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बोर्डात साठवलेली बायोसची सेटिंग पुसा, सगळं मूळपदावर येतं.

तापमानाचं म्हणाल तर बऱ्याच इंटेल चिप १०० डिग्रीला आणि रायझेन ७००० वाल्या ९५ ला स्वतःच स्पीड कमी करतात, म्हणजे कूलर कमी पडला तर ओव्हरक्लॉक करूनही आधीपेक्षा हळू चालायची गंमत होऊ शकते. पण हा ब्रेक फक्त तापमानाचा आहे, जास्त व्होल्टेजने होणारी झीज तो थांबवत नाही. चिपमधल्या बारीक तारांतले धातूचे अणू करंटबरोबर हळूहळू सरकतात, त्याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात, आणि मग काही महिन्यांपूर्वी ज्या व्होल्टेजला स्टेबल होतं तिथेच क्रॅश व्हायला लागतं. गेलेली चिप परत येत नाही. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या चिप स्टॉक म्हणजे कंपनीच्या मूळ सेटिंगवरसुद्धा जास्त व्होल्टेजने खराब होत होत्या, मायक्रोकोड (चिपच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट काढून १.५५ व्होल्टच्या वरच्या मागण्या रोखाव्या लागल्या. वॉरंटीचंही लक्षात ठेवा, ओव्हरक्लॉकिंगने झालेलं नुकसान इंटेल किंवा एएमडी सहसा वॉरंटीत धरत नाहीत.

१९९८ च्या सेलेरॉन ३००ए मध्ये ३०० मेगाहर्ट्झचे सरळ ४५० व्हायचे, तसे दिवस आता नाहीत, कंपनीच बूस्टमध्ये (चिप गरजेप्रमाणे स्वतःच स्पीड वाढवते त्यात) जवळपास सगळं पिळून देते. त्यात ४के वर गेम खेळत असाल तर बहुतेक वेळा अडकलेलं असतं ग्राफिक्स कार्ड, सीपीयू नाही. म्हणून मी आता उलटं करतो, रायझेनवर बायोसमधल्या कर्व्ह ऑप्टिमायझर सेटिंगने व्होल्टेज थोडं खाली आणतो, चिप थंड राहते आणि बूस्ट आपोआप जास्त वेळ टिकतो. टेस्टिंग मात्र यालाही तितकंच लागतं, आणि लोडपेक्षा रिकामं असताना क्रॅश होण्याची शक्यता जास्त, त्यामुळे रात्रभर पीसी नुसता चालू ठेवून सकाळी बघा.