गाडीवरचा ड्युअल-बँड अँटेना: शेवटी आखूडच ठेवला

तुळजापूर रस्त्याला बालाघाटचा चढ लागला की गाडीतल्या माझ्या हॅम (हौशी) रेडिओचा ४३५ मेगाहर्ट्झचा सिग्नल तुटायचा. १४५ मेगाहर्ट्झवर मात्र बोलणं चालू. रेडिओ ठीक होता. बॉनेटच्या कडेला ब्रॅकेटवर दोन्ही बँडवर (ड्युअल-बँड) चालणारा, मीटरभर लांबीचा, जास्त गेनचा (एका दिशेला जास्त जोर देणारा) अँटेना होता. गेन म्हणजे फुकटची ताकद नव्हे. तीच ताकद क्षितिजाकडे दाबली जाते. सोलापूरच्या सपाट माळावर ते फायद्याचं, पण चढावर समोरचा स्टेशनवाला वर किंवा खाली असतो. शिवाय अशा अँटेनाला खाली चहूबाजूंनी पत्रा लागतो, तो कडेला बसवल्यामुळे एकाच बाजूला मिळत होता.

आता टपाच्या मधोमध चुंबकी बेसवर अर्ध्या मीटरची काडी आहे. १४५ वर ती पाव तरंगलांबी, ४३५ वर पाऊण तरंगलांबी. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून ताकद किती परत फिरते त्याचं माप, १ म्हणजे उत्तम) दोन्हीकडे दीडच्या आत आला, चढावरचं बोलणंही बरंच सुधारलं. माळावर थोडं अंतर घटलं, ते मला चालतं. बाभळीच्या फांद्यांत अडकणं तरी थांबलं! टप लोखंडीच हवा, ॲल्युमिनियमला चुंबक धरत नाही. आणि आपल्याकडची धूळ बेसखाली साचून रंग खरवडते, म्हणून अधूनमधून उचलून पुसा. केबल दारात चेपणार नाही तेही बघा.